मृत्यूची वर्दी आणि वारसांची नावे



घरातले माणूस गेले की आपल्या वस्तीत तासाभरात सांगावा फिरतो. विहारात कळते, मुंबईच्या भावास फोन जातो, सासरच्या लेकी अंत्यसंस्कारास पोचतात. सरकारदरबारी द्यावयाची वर्दी मात्र पुण्यानुमोदन उरकले तरी राहून जाते. आणि या दिरंगाईत घरांचे हक्क बुडतात.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची वर्दी २१ दिवसांत, आणि मृत्यू जेथे घडला तेथेच द्यावी लागते. मारुंजीचा मनुष्य पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात वारला तर नोंद पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे होते. गावात हेलपाटे घालून उपयोग नाही. वर्दी रुग्णालय देते, तरी नाव घरच्यांनीच तपासावे आणि धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे स्वच्छ लिहवून घ्यावे. मृत मनुष्य चाकणच्या एखाद्या ठेकेदाराकडे कामाला असला, तरी भविष्य निर्वाह निधीची कपात होत असल्यास त्या कार्यालयास कळवा. शिलकीखेरीज विधवेचे निवृत्तिवेतन आणि विम्याची रक्कम यांचाही दावा करता येतो; ठेकेदार हे आपण होऊन सांगेल या भरवशावर राहू नये.

परंतु खरी हानी होते ती जमिनीत. वारसाहक्काने आलेल्या जमिनीची खबर तीन महिन्यांत तलाठ्यास द्यावी, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४९ सांगते. आपल्यापैकी कित्येकांच्या सातबारावर आजही आजोबांचेच नाव आहे! महार वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली. त्यानुसार कुटुंबांस परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. शेजारी हिंजवडीत संगणक उद्योग आल्यापासून मारुंजीच्या गुंठ्यासही मोल चढले आहे, आणि दलालास मृताच्या नावचा सातबारा फार सोयीचा असतो. एका नातवास गाठले की त्याचे काम भागते.

'धर्म बदलला, आता वारसा कसला?' असे कोणी म्हणाल्यास त्यास १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २ दाखवा. तो अधिनियम बौद्धांस लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची विधवा, आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. तरीही दुःखाच्या त्याच आठवड्यात बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. कायद्याने तीन महिने दिले असता सहीची घाई कोणास व कशासाठी, हे भगिनींनी विचारावे.

वारसनोंदीच्या अर्जात सर्व वारसांचे आजचे पत्ते लिहा, नाही तर फेरफाराची नोटीस मुंबईच्या लेकीपर्यंत पोचत नाही. नाव गाळलेले दिसल्यास हरकत लेखी द्या, आणि पोच घेतल्याखेरीज कचेरीतून उठू नका.