सर्टिफिकेट नंतर, आधी ठेकेदाराकडून लेखी पत्र घ्या

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. आपल्या रस्त्यावर ७२० माणसं राबली. प्लांटवरचा माल गरम असतानाच पेव्हरपर्यंत पोचला पाहिजे, पेव्हर थांबता कामा नये, मागे रोलर हवा. शिवाय डिझेल, पाणी, जेवण आणि पाळी बदलणं. एक डंपर अडकला की पुढचं सगळं अडकतं. हा हिशेब कुणीतरी आधी मांडून ठेवलेला असतो. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात ते हेच, आणि ते आपल्या दारासमोर चालतं.

तरीही आपल्या मोहल्ल्यात हा विषय निघतो तो कोर्सच्या जाहिरातीनेच. "पीएमपी कर ले बेटा, गल्फ पक्का!" डिप्लोमा होऊन सहा महिने झालेल्या पोराला हे सांगितलं जातं आणि घरातले दागिने सराफाकडे जातात. माझा राग या धंद्यावर आहेच. त्याहून जास्त आपल्या स्वतःच्या माणसांवर आहे. ते पुढे सांगतो.

आधी नियम बघा. पीएमपी ही अमेरिकेतल्या पीएमआय संस्थेची परीक्षा नवख्यांसाठी नाहीच. पदवीधराकडे प्रकल्पाचं काम पुढे राहून चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, पदवी नसेल तर ६० महिन्यांचा. वर ३५ तासांचं प्रशिक्षण. म्हणजे क्लासवाला विकतो ते ३५ तास. उरलेले महिने तो कुठून देणार? नवख्यासाठी त्याच संस्थेची सीएपीएम आहे: बारावीपर्यंतचं शिक्षण आणि २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं, अनुभव लागत नाही. शिवाय सीएपीएम चालू असेल तर पुढे पीएमपीसाठी ते ३५ तास वेगळे दाखवावे लागत नाहीत. हे जाहिरातीत का नसतं, ते तुम्हीच ओळखा.

ब्रिटनमधून आलेलं प्रिन्स-टू आहे. त्याच्या पहिल्या पायरीला काहीच अट नाही, पण मागणी मुख्यतः ब्रिटिश पद्धतीने चालणाऱ्या कामांत. स्क्रम मास्टर सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. सेंटरिंगच्या साइटवर त्याचा उपयोग नाही. बांधकामात जायचं असेल तर माझं मत सरळ आहे: आधी एक्सेल, मग प्राइमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट हाताखालून जाऊ द्या. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात. दागिने मोडण्याआधी ती ऐका.

आता आपल्या माणसांकडे येतो. अकोला-अमरावतीत आपले सेंटरिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, वायरिंगचे ठेकेदार, गल्फहून परतलेले फोरमन काही थोडे नाहीत. त्यांच्या हाताखाली आपलीच पोरं तीन-तीन, पाच-पाच वर्षं साइट सांभाळतात. माल मोजतात, मजुरांची हजेरी घेतात, इंजिनिअरशी बिलावरून भांडतात. पण नेमणूकपत्र? नाही. पगार रोखीत. पीएफ नाही. "अपने घर का बच्चा है, कागज काय को?" असं म्हणणाऱ्या चाचा-मामूंनी या पोरांची वर्षंच्या वर्षं हवेत उडवली आहेत. पीएमपीच्या अर्जात तुमचं पद 'मॅनेजर' होतं का, हे महत्त्वाचं नसतं. काय केलं, कधी केलं आणि त्याला दुजोरा कोण देईल, हे महत्त्वाचं असतं. काही अर्ज तपासणीसाठी काढले जातात आणि तेव्हा कामाची माहिती असलेल्या माणसाची सही लागते. ती देणारा चाचा तेव्हा फोन उचलत नाही.

नाव बघून दार लावून घेणाऱ्या कंपन्या आहेत, मी ते नाकारत नाही. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण घरच्या माणसाने कागद दिला नाही, याचं खापर भेदभावावर फोडता येत नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. तो आपण सरकारला ऐकवतो, आणि ऐकवावाच. मग आपल्याच गोदामात बिनकागदाचा राबणारा पोरगा आपल्याला का दिसत नाही?

मुलींचं तर विचारूच नका. सिव्हिलचा डिप्लोमा करू देतात, कारण बायोडाटात शोभतो. साइटवर मात्र पाठवत नाहीत. अनुभवाशिवाय तो डिप्लोमा कपाटात पडून राहतो. बिलिंग, प्लॅनिंग, खरेदीची कामं ऑफिसात बसूनही होतात आणि योजना आखणं, माणसांकडून काम पुरं करून घेणं अंगावर असेल तर ती प्रकल्पाचीच कामं आहेत. हे घरात सांगा, आवाज चढवावा लागला तरी.

आपल्या संस्थांना एक विनंती, जरा कडक शब्दांत. दरवर्षीच्या गुणगौरवात शाल, मोमेंटो आणि पाहुण्यांचं लांबलचक भाषण यावर जो पैसा जातो, त्यातून चार पोरांची परीक्षा फी भरा. पास झाल्याचा कागद आणला की परतफेड, इतका साधा नियम ठेवा. आणि मंचावर ज्या ठेकेदाराचा सत्कार करता, त्याला आधी विचारा: किती जणांना नेमणूकपत्र दिलंत?

तुम्ही स्वतः मात्र सत्काराची वाट बघू नका. आजपासून एक वही ठेवा. कामाचं नाव, गाव, सुरू आणि संपल्याची तारीख, हाताखाली किती माणसं, अंदाजे किती रकमेचं काम, तुम्ही नेमकं काय ठरवलंत. दर महिन्याला वहीवर ठेकेदाराची सही घ्या. काम संपताना हाच मजकूर त्याच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह मागा. तो म्हणेल, "देतो नंतर." पुढच्या पगाराच्या दिवशी पुन्हा मागा.