एकलहऱ्याच्या भट्टीतले अरण्य

नाशिककराला काळ्या दगडाचे अप्रूप नाही. पांडवलेणी त्यातच कोरलेली, काळाराम मंदिर त्याचेच, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी म्हणजे त्याचेच थर. तरी भूशास्त्राच्या हिशेबात हा आपला दगड अगदी अलीकडचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचा खेळ आटोपत असताना, तो लाव्हा होऊन वाहत आला आणि आधीचे सारे त्याने गाडून टाकले. डायनोसॉरांच्याही आधीचे जग मुलांना दाखवायचे, तर डोंगरावर नेऊन उपयोग नाही. ते आपल्याकडे रेल्वेच्या वाघिणींतून येते आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जळते.

भारतातला बहुतेक सगळा दगडी कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. डायनोसॉर अवतरले ते त्यानंतर. आपल्या राज्यात हा कोळसा चंद्रपूर-वणीकडे, वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्याही खालच्या थरांत हिमनद्यांनी आणलेले गोटे सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे तर बर्फाने घासून ओरखडे पाडलेला कातळ आहे. मे महिन्यात चंद्रपूर अनुभवलेल्या माणसाने यावर विश्वास ठेवावा तरी कसा? पण तेव्हा ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाला चिकटलेली होती. त्या महाखंडाचे नावही आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच पडले : गोंडवन.

पुढे बर्फ वितळले, दलदली झाल्या आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची रानेच्या राने वाढली. पान जिभेसारखे लांबट, मधोमध ठसठशीत शीर. याच पानाचे ठसे असलेले दगड कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना ओढून आणत होते. अन्न संपत आलेले, पाय हिमदंशाने गेलेले, तरी सोळा किलोंचे ते ओझे त्यांनी टाकले नाही. दगड सापडले ते त्यांच्या मृतदेहांपाशी.

आपल्याकडे तीच पाने खुल्या खाणींच्या ढिगाऱ्यावर जातात. कोळसा काढताना आधी वरचा खडक उचलून फेकावा लागतो, आणि ठसे बहुधा त्या खडकात असतात. कोळसा काढूच नका, असे आम्ही म्हणणार नाही. हा मजकूरही विजेच्या दिव्याखालीच लिहिला आहे. पण या जळणाचा एक जुना हिशेब आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सैबेरियात आपल्या दख्खनसारखाच लाव्हा उसळला. वाटेतले कोळशाचे थर त्याने भाजून काढले, हवेत कार्बन डायऑक्साइड कोंदला, समुद्र तापले. सागरी जीवांच्या दहांपैकी आठ-नऊ जाती नाहीशा झाल्या. ग्लॉसॉप्टेरिसची रानेही त्याच सुमारास संपली.

निदान प्रत्येक खाणीने ठशांचे चार दगड बाजूला ठेवावेत आणि कोळसा जिथे जिथे जातो त्या गावच्या शाळांना द्यावेत. कोळशातून दगड येतात ही वीजकेंद्रांची जुनीच तक्रार आहे. एकलहऱ्याच्या यार्डात वेचून टाकलेल्या एखाद्या दगडावरही ते पान असू शकेल. फेकण्याआधी तो एकदा उलटून पाहावा.