फुकटची सुपारी

आधी कबुली देतो, मग भांडतो.

गेल्या वर्षी आमच्या चौकडीने पुण्यातल्या एका कॅफेत सलग पाच गुरुवार जॅझ वाजवला आणि एक रुपयाही घेतला नाही. कीबोर्डवर मी, बास गिटारवर माझ्याच टीममधला मित्र, सॅक्सोफोनवर डेटा अ‍ॅनालिस्ट मैत्रीण आणि ड्रम्सवर दादा. मॅनेजरचा मेसेज आला होता: बजेट नाही, पण क्राउड मस्त असतो, रीलमध्ये टॅग करू, जेवण आणि एक ड्रिंक आमच्याकडून. आम्ही तिघांनी मिनिटभरात अंगठे पाठवले. दादाचा अंगठा आला नाही.

दादा पूर्णवेळ वादक आहे. वडिलांच्या बँडपथकात ताशा-ढोल वाजवत मोठा झाला. आता लग्नं, ऑर्केस्ट्रा आणि मुलांच्या शिकवण्या, यावर त्याचं घर चालतं. त्याला फुकट ये म्हणायची लाज वाटली, म्हणून आम्ही तिघांनी खिशातून त्याला रात्रीचे १,५०० द्यायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, आपण फार दिलदार आहोत.

‘जाऊन नुसतं वाजवायचं’ म्हणजे काय असतं ते सांगतो. पहिल्या गुरुवारसाठी तीन तालमी झाल्या, प्रत्येकी दोन तास. ‘ब्लू बोसा’ ऐकायला सोपं वाटतं. सोळाच बार. पण मध्येच ते सी मायनरमधून डी फ्लॅट मेजरमध्ये उडी मारतं आणि चार बारनंतर परत येतं. ती उडी चौघांनी एकत्र मारावी लागते. सोलो कुणाचाही असो, बाकीच्या तिघांना मनात बार मोजत राहावं लागतं. स्टँडअप मीटिंग चालू असताना माझा डावा हात टेबलाखाली तेच कॉर्ड दाबत असायचा. गुरुवारी पाचला टेम्पोत ड्रम्स चढवले, सहाला साउंड चेक, आठ ते साडेदहा वाजवलं, घरी यायला साडेबारा.

खर्च: तालमीच्या खोलीचे सहा तासांचे ३,०००, टेम्पोचे ८००, दादाचे १,५००. एकूण ५,३००. म्हणजे तीन पगारदार पोरांनी स्वतःचे पैसे घालून एका कॅफेला संगीत घेऊन दिलं. बदल्यात मिळालं पास्ता आणि एक रील. तीत अर्धा वेळ पास्ताच दिसतो.

पाचव्या गुरुवारी सामान भरताना मी दादाला म्हणालो, “बघा दादा, पैसे नसले तरी दर आठवड्याला वाजवायला मिळतंय.”

तो झांजांची पिशवी बांधत म्हणाला, “इंजिनीअर, तुमच्या आधी इथं गुरुवारी तिघं वाजवायचे. माणशी दोन हजार. त्यातला एक मी होतो. मग मालक म्हणाला, हौशी ग्रुप मिळतायत, आता गरज नाही.”

त्यानंतर तो आमच्याबरोबर वाजवायला आला नाही. भांडला नाही, ग्रुपमधूनही बाहेर पडला नाही. ‘या महिन्यात जमणार नाही’ एवढंच दर महिन्याला लिहितो.

आता भांडण. ते कॅफेवाल्याशी कमी आणि माझ्यासारख्यांशी जास्त आहे. महिन्याच्या एक तारखेला आपल्या खात्यात पगार पडतो आणि शनिवारी आपण ‘पॅशन’ बाहेर काढतो. आपल्या क्षेत्रात कुणी म्हणालं, ‘छोटंसं अ‍ॅप आहे, करून दे, पोर्टफोलिओत टाक’, तर आपण त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर हसतो. तेच वाक्य कॅफेवाल्याने म्हटलं की आपण इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी हजर.

कुणी म्हणेल, ओपन सोर्स नाही का आपण फुकट देत? देतो. पण ते सगळ्यांना देतो. इथे आपण एका माणसाला देतो आणि तो ते कॉफीच्या दरात मिसळून विकतो. रेकॉर्ड केलेलं गाणं हॉटेलात वाजवायचं तर कायद्याने परवाना लागतो, त्याचे पैसे भरावे लागतात. समोर घाम गाळून वाजवणारा माणूस तेवढा मोफत.

‘जॅझ म्हणजे हौशी लोकांचं काम’ हा समजही खोटा आहे. लुई आर्मस्ट्राँग तरुणपणी मिसिसिपी नदीच्या बोटींवर नाचणाऱ्या लोकांसाठी पगारावर वाजवायचा. आपल्याकडचं बघा. गोव्याच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी शिकलेली पोरं पोटासाठी मुंबईत आली. रात्री हॉटेलांत वाजवायची, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायची. चिक चॉकलेट म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ. ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. आपल्या चितळकरांच्या चालींना तो झुलता ठेका मिळाला त्यात अशा पोटार्थी वादकांचा मोठा हात आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं श्रेयनामावलीत आली नाहीत. पण त्यांनी वाजवण्याचे पैसे घेतले, म्हणून ते वाजवत राहू शकले.

आणि जॅझ परका वाटत असेल तर नारायणगावला जा. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रेची पंचमंडळी येतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. दुष्काळी गावसुद्धा वर्गणी काढून सुपारी देतं. फडमालकाला कुणी म्हणत नाही की, ‘या, आमच्या गावात एक्स्पोजर मिळेल.’ आणि साडेतीनशेची कॉफी विकणाऱ्याकडे मात्र बजेट नसतं!

आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते मीच घेत होतो. ‘आम्ही अजून तेवढे चांगले नाही.’ मग ओपन माइकला वाजवा. तिथे सगळेच शिकाऊ असतात आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण ज्या रात्री तुमच्या जिवावर पोस्टर लागतं आणि टेबलं बुक होतात, त्या रात्री तुम्ही पैसे घेण्याइतके चांगले असता. ‘कॅफे नवीन आहे, परवडत नाही.’ असेलही. मग ठरावीक रक्कम नको, त्या रात्रीच्या गल्ल्यातला वाटा मागा. ज्याला वाटाही द्यायचा नाही, त्याला संगीत परवडत नाही. त्याने स्पीकर लावावा. ‘मला पैशांची गरज नाही.’ हे सगळ्यात वाईट. तुमची गरज कुणी विचारलेली नाही. तुम्ही शून्य म्हणालात की त्या गावातला दरच शून्य होतो, आणि तो तुमच्यानंतर येणाऱ्या दादालाही लागू होतो. पैसे नकोच असतील तर घ्या आणि ड्रमरला द्या. पण घ्या.

जाणत्या गायकालाही बिदागी विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. त्या संकोचावर कॅफेवाल्यांचा धंदा चालतो. म्हणून आता आम्ही पहिल्याच मेसेजमध्ये लिहितो: ८,००० रुपये, निम्मे आधी, टेम्पो वेगळा.

त्याने काय झालं? गेल्या चार महिन्यांत दोन गिग मिळाले. एक कोरेगाव पार्कात, एक कुणाच्या तरी साठीला. सहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. जुन्या कॅफेने ‘नंतर कळवतो’ म्हटलं आणि तिथे गुरुवारी आता एक गिटार त्रिकूट वाजवतं. फुकट. त्यातला गिटारवाला माझ्याच टेक पार्कात काम करतो. चांगला वाजवतो, खरंच.

मित्रा, हे वाचत असशील तर या गुरुवारी मॅनेजरला आकडा सांग. तो नाही म्हणाला तर मला फोन कर. मीही त्याला तोच आकडा सांगेन. आणि हो म्हणाला, तर ड्रमरचा नंबर माझ्याकडे आहे.