गिऱ्हाईक भाड्याने घेण्याचा धंदा

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे इथे चालू लागली आणि त्यांच्यामागून बाहेरगावचे वकीलही येऊ लागले. कुणाला कचेरीसाठी गाळा हवा, कुणाला राहायला टू बीएचके. सोलापूरच्या वकिलाची राजारामपुरीतल्या कोणत्या गल्लीत ओळख असणार? तो मोबाइल उघडतो, पोर्टलवर शहराचे नाव टाकतो आणि चार फोटो बघून आपला नंबर देतो. शहरातल्या इस्टेट एजंटांना या नव्या गिऱ्हाइकाचा आनंद व्हावा हे साहजिक आहे. पण हे गिऱ्हाईक त्यांच्याकडे येण्याआधी तिसऱ्याच्या दारातून येते, आणि त्या दाराचा मालक नोएडा, गुरुग्राम किंवा बेंगळुरूत बसलेला आहे.

ही दारे एका दिवसात उभी राहिली नाहीत. नाइन्टीनाइन एकर्स २००५ मध्ये सुरू झाले, ‘नोकरी डॉट कॉम’ चालवणाऱ्या कंपनीकडून. पाठोपाठ टाइम्स समूहाचे मॅजिकब्रिक्स आले. २०१२ मध्ये मुंबई आयआयटीच्या तरुणांनी हाउसिंग काढले, २०१४ मध्ये बेंगळुरूत नोब्रोकर निघाले. नोब्रोकरच्या नावातच त्याचा हेतू स्पष्ट होता. पुण्या-मुंबईत या कंपन्यांची पकड पक्की झाली आहे. कोल्हापुरात ती अजून सैल आहे, आणि म्हणूनच या विषयावर आत्ता बोलायला हवे.

पूर्वी एजंटाकडे गिऱ्हाईक यायचे ते माणसांच्या साखळीतून. तालमीतला कार्यकर्ता, गल्लीतला दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, निवृत्त तलाठी, नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक. ‘अमक्याचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला, घर काढायचंय म्हणतात’, ही बातमी या साखळीतून एजंटाच्या कानावर येई आणि व्यवहार झाला की कमिशनचा वाटा त्याच साखळीतून परत जाई. जोडीला ‘पुढारी’, ‘सकाळ’मधल्या छोट्या जाहिराती होत्या. जाहिरातीचे पैसे शब्दांवर ठरत. फोन मात्र थेट एजंटाच्या टेबलावर वाजे. कुणी फोन केला, किती बजेट सांगितले, याचा वर्तमानपत्राला पत्ताही नसे.

पोर्टलचा फरक नेमका इथे आहे. तेही जाहिरातच छापते, पण ती कोण वाचतो हे त्याला माहीत असते. कोणत्या गिऱ्हाइकाने ताराबाई पार्कातले किती फ्लॅट पाहिले, कुठल्या किमतीला थांबला, रात्री अकराला पुन्हा येऊन काय शोधले, हे सगळे त्याच्याकडे साठते. एजंटाला मिळतो फक्त एक मोबाइल नंबर. धंद्यात त्याला लीड म्हणतात आणि तो विकत घ्यावा लागतो. फ्लॅटचे फोटो एजंटाने काढलेले, मालकाशी बोलणी त्याने केलेली, किल्ली त्याच्याकडे. तरीही त्या मालामुळे आलेल्या चौकशीवर पहिला हक्क दुसऱ्याचा.

शिवाय हा नंबर त्याला एकट्याला मिळेलच असे नाही. एका फ्लॅटसाठी चौकशी करणाऱ्याला दहा मिनिटांत चार-पाच अनोळखी फोन येतात, हा अनुभव आता सगळ्यांच्या परिचयाचा आहे. गिऱ्हाईक वैतागून फोन उचलायचे बंद करते. ज्या एजंटाने खरोखर घर दाखवले असते त्याचाही फोन ते उचलत नाही. विश्वासाने सुरू व्हायचा व्यवहार संशयाने सुरू होतो.

याचा हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे. समजा, पन्नास लाखांच्या फ्लॅटवर एजंटाला एक टक्का म्हणजे ५० हजार रुपये मिळतात आणि आलेल्या पन्नास नंबरांपैकी एक व्यवहारापर्यंत पोचतो. म्हणजे एका नंबरामागे फार तर हजार रुपये घालणे त्याला परवडते. सुरुवातीला हा नंबर दोनशेला पडतो. एजंट खूश होतो, दुसऱ्यांना सांगतो. मग शेजारचा जास्त पैसे भरून आपली जाहिरात वर आणतो. पहिल्याची खाली गेली की तोही मोठे पॅकेज घेतो. दोघांचीही विक्री वाढत नाही, कारण शहरात घर घेणारी माणसे तेवढीच आहेत. वाढते ती फक्त पोर्टलची वसुली. दोनशेचा नंबर हजाराकडे सरकतो आणि कमिशन आपल्या हातातून जाताना एजंटाला दिसत राहते. त्यात तोच नंबर पाच जणांना दिला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नासात एक नव्हे, अडीचशेत एक व्यवहार येतो. मग त्या नंबरासाठी फार तर दोनशे रुपयेच परवडतात. यात पोर्टलने काही फसवले असे म्हणता येत नाही. प्रत्येक एजंट स्वतंत्रपणे, स्वतःच्या समजुतीप्रमाणे शहाणपणाचाच निर्णय घेत असतो. सगळ्यांचे नुकसान होते ते या शहाणपणाच्या बेरजेतून.

ही वाट पुढे कुठे जाते हे ब्रिटनमध्ये दिसते. तिथले राइटमूव्ह हे पोर्टल २००० मध्ये उभे राहिले ते चार मोठ्या इस्टेट एजंट कंपन्यांच्या पुढाकाराने. म्हणजे एजंटांनीच ते जन्माला घातले. २००६ मध्ये ते शेअर बाजारात गेले आणि मालकी हळूहळू गुंतवणूकदारांकडे सरकली. २०२४ मध्ये एका सरासरी जाहिरातदाराकडून त्याला महिन्याला दीड हजार पौंडांहून जास्त मिळत होते आणि शंभर पौंडांच्या उत्पन्नातले सुमारे सत्तर नफा म्हणून उरत होते. एजंटांनी याविरुद्ध उभे राहून पाहिले. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी ‘ऑन द मार्केट’ नावाचे स्वतःचे पोर्टल सुरू केले आणि सभासदांना अट घातली की, याखेरीज आणखी फक्त एकाच पोर्टलवर जाहिरात द्यायची. बहुतेक गिऱ्हाइके तोवर राइटमूव्हवर जायला सरावलेली होती. २०२३ मध्ये ऑन द मार्केट एका अमेरिकन कंपनीने विकत घेतले. माझ्या मते यातला धडा उशिराचा आहे. गिऱ्हाइकाची सवय एकदा पक्की झाली की संघटनेचा ठराव ती मोडू शकत नाही.

कायदा सोडवील, या आशेवरही फार विसंबू नये. २०१६ मध्ये देशातल्या ब्रोकरांच्या महासंघाने मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग, कॉमनफ्लोअर आणि नोब्रोकर यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. बिनदलालीच्या सेवेमुळे आपला धंदा मोडतो आहे, हा त्यांचा मुद्दा होता. आयोगाने तक्रार सुरुवातीलाच बंद केली. बाजारात अनेक पोर्टले एकमेकांशी स्पर्धा करत आहेत, कुणा एकाचे वर्चस्व दिसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. कायद्याच्या चौकटीत ते बरोबरही होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच आयोगाने हॉटेलांच्या तक्रारीवरून मेकमायट्रिप आणि ओयो यांना मिळून सुमारे ३९२ कोटींचा दंड केला, पण तोपर्यंत हॉटेलवाल्यांची तीन वर्षे गेली होती. वर्चस्व सिद्ध झाल्यावरच कायदा हलतो, आणि वर्चस्व सिद्ध होईपर्यंत लहान धंदेवाला टिकलेला असतोच असे नाही.

एवढ्याने कुणी म्हणेल, एजंटांचे उत्पन्न घटले तर आम्हाला काय? खरेदीदाराला फायदाच आहे. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण कोल्हापूरच्या जमिनीत आहे.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला. नागाळा पार्कच्या एका रस्त्यावर पाणी तळमजल्यात शिरते आणि थोड्या अंतरावरचा चढाचा रस्ता कोरडा राहतो. शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, दुधाळी, सुतारवाडा, कसबा बावड्याचा नदीकडचा भाग, इथे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते हे पोर्टलवरच्या फोटोत दिसत नाही. फोटो उन्हाळ्यातला असतो. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा नकाशावर असतात, पण नव्या माणसाला त्या बघायच्या असतात हेच ठाऊक नसते. ते सांगणारा माणूस म्हणजे त्या भागात तीन पूर पाहिलेला एजंट.

हद्दीचेही तसेच. महापालिका १९७२ मध्ये झाली, हद्दवाढीचा वाद त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये प्राधिकरण आले. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव इथे शहराला चिकटून हजारो घरे उभी आहेत. कुठले बिगरशेती, कुठले गावठाणातले, कुठले गुंठेवारीतले. पाणी ग्रामपंचायतीचे की आणखी कुणाचे, सातबाऱ्यावर अजून किती नावे आहेत, रि. स. नंबराची फोड झाली आहे का, हे प्रश्न पोर्टलच्या रकान्यांत मावत नाहीत. तिथे ‘लोकेशन: कोल्हापूर’ एवढेच लिहिलेले असते. नव्या प्रकल्पासाठी महारेराचा आधार आहे, पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या योजनांना रेरा कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, आणि जुन्या घराची फेरविक्री त्यात येतच नाही. कोल्हापुरातल्या व्यवहारांचा मोठा भाग अशाच घरांचा आहे. पोर्टलवरची ‘व्हेरिफाइड’ची खूण बघून खरेदीदार निर्धास्त होतो. मालकी हक्काची जबाबदारी मात्र पोर्टल घेत नाही.

हे ज्ञान वर्षानुवर्षे पायी फिरून मिळते आणि ते मिळवणाऱ्याचे पोट त्यावर चालले तरच टिकते. कमिशनचा मोठा वाटा नंबर विकत घेण्यात गेला की एजंट दोन गोष्टी करतो. एकतर जास्तीत जास्त नंबरांमागे धावतो आणि कागद बघायला वेळ देत नाही. नाहीतर धंदा सोडतो. दोन्हीत हानी खरेदीदाराची आहे.

एजंटांचीही चूक मोठी आहे, ती झाकून चालणार नाही. एकाच फ्लॅटचे तीन भाव सांगणे, विकला गेलेला फ्लॅट जाहिरातीत ठेवून गिऱ्हाईक ओढणे, पुराची गोष्ट विसार होईपर्यंत न बोलणे, भाडेकरूची जात-धर्म विचारून परत पाठवणे. पोर्टलकडे माणसे गेली त्यामागे ही वागणूकही आहे. बाहेरून येणाऱ्याला पोर्टलमुळे पहिल्यांदाच भावाचा अंदाज घरबसल्या मिळू लागला, हे त्यांचे श्रेय मान्य करायला हवे. महारेराने एजंटांसाठी नोंदणीबरोबर प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, ते योग्यच झाले. ज्याला ही परीक्षा जाच वाटते त्याने पोर्टलच्या नावाने ओरडू नये.

मग करायचे काय? पोर्टलवर बहिष्कार हा मार्ग नाही, सोलापूरचा वकील तिथेच येणार आहे. तिथे जाहिरात द्यावी, पण किती खर्चाने किती व्यवहार झाले हे दर महिन्याला वहीत लिहावे, आणि मालाची सगळी माहिती तिथे ओतू नये. पूर, हद्द, कागद यांची माहिती आपल्या कचेरीत, आपल्या नावाने द्यावी. आलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्या संमतीने जपावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व आले आहे, ते नीट पाळणारा एजंट वेगळा उठून दिसेल.

मोठे काम एकट्याचे नाही. अमेरिकेत एजंट फार पूर्वीपासून आपापल्या घरांच्या नोंदी सामायिक यादीत ठेवतात. एकाकडे घर, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक, कमिशन वाटून. कोल्हापुरात अशी यादी का होऊ नये? १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ काढून इथल्या शेतकऱ्यांनी संकलन स्वतःच्या हातात घेतले, त्या जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. यादीत प्रत्येक घराची एकच नोंद, एकच भाव, महारेरा क्रमांक लागू असेल तर तो, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते त्याची सही केलेली नोंद, आणि विकले गेल्यावर त्याच दिवशी नाव काढणे. एक सावधगिरी मात्र हवी: कमिशनचा दर सगळ्यांनी मिळून ठरवू नये. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेला कमिशनच्या नियमांवरून २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली, आणि आपल्याकडचा स्पर्धा कायदाही संगनमताने दर ठरवायला मनाई करतो.

क्रेडाईच्या ‘दालन’ प्रदर्शनाला बिल्डर एकत्र येतात, गिऱ्हाईक थेट त्यांच्याशी बोलते. फेरविक्रीच्या घरांसाठी आणि भाड्याच्या जागांसाठी असे काहीच नाही, आणि एजंटांची रोजची भाकरी तिथेच आहे. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क आणि उपनगरांतल्या नोंदणीकृत एजंटांनी निदान एका भागापुरती तरी ही यादी यंदाच सुरू करावी. पोर्टलची पकड सैल आहे तोवरच ती उभी राहू शकते.