समजूत कुणी घालायची?

ठाण्यात तलावपाळीला जायचं तर रिक्षावाल्याला नुसतं 'गडकरी' म्हटलं तरी पुरतं, 'रंगायतन' हा शब्दही लागत नाही. पण ज्यांच्या नावाचं हे थिएटर, ते राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' नावाने कविता लिहायचे. त्यांची 'राजहंस माझा निजला' वाचलेले आता किती सापडतील? त्या कवितेतल्या आईचं मूल गेलंय. लोक सांगतायत, ती मानत नाही. तिच्या लेखी ते झोपलंय... बस्स.

याच्या अगदी उलट तुकोबा. १६३०-३२ च्या दुष्काळाने त्यांचं घर होत्याचं नव्हतं झालं. एका अभंगात बायको, मूल, आई अशी एकेका मृत्यूची नोंद आहे, आणि निष्कर्ष काय, तर देवाने मायेतून सोडवलं! वाचताना काटा येतो.

तिसरे हिंदीतले निराला. त्यांची मुलगी सरोज १९३५ मध्ये गेली, ऐन तारुण्यात. 'सरोज-स्मृति'मध्ये ते रडतात कमी, सांगतात जास्त. संपादकांनी परत पाठवलेल्या कविता, छोट्या सरोजने खेळता खेळता फाडलेली कुंडली, तिचं साधंसुधं लग्न. आणि बाप म्हणून आपण तिच्यासाठी काही करू शकलो नाही, ही कबुली.

यातली श्रेष्ठ कविता कुठली हा वाद मला निरर्थक वाटतो. मुद्दा वेगळा आहे. तुकोबांचं 'बरं झालं' आपण ऐकून घेतो, कारण मूल त्यांचं होतं. तेच शेजारच्याने म्हटलं तर? आमच्या ऑफिसात एकाचं तान्हं बाळ गेलं, तेव्हा लोक म्हणालेच, "देवाची इच्छा", "अजून वय आहे, दुसरं होईल". हेतू चांगलाच, मान्य. पण अशी समजूत ज्याची त्यानेच घालायची असते. बाहेरून आली की तिचा अर्थ 'आता आवरा' एवढाच उरतो. गोविंदाग्रजांच्या कवितेतली आई नेमकं हेच झिडकारते.

म्हणून मला निराला जवळचे वाटतात. त्यांच्या कवितेत सरोज मेलेली कमी आणि जगलेली जास्त आहे. आठवण काढली तर जखम उघडी पडेल, असं म्हणाल. पण आईबाप विसरलेले कुठे असतात?

तेव्हा भेटायला जाताना डोंबिवली फास्टमध्ये वाक्यं जुळवत बसू नका. बाळाचं नाव घ्या, कसं होतं ते विचारा. त्यांना बोलायचं नसेल तर नुसते बसा. चहा आला तर प्या.