उमापूरचा रस्ता आणि काटकसरीचें वाहन

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही उमापुरास असतांना एके सायंकाळीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील ओट्यावर येऊन बसले. कापसाचे पैसे नुकतेच हातीं आले होते, व ते कोणत्या वाहनांत घालावे यावरून घरांत बापलेकांचें तीन दिवस बोलणें बंद होतें. "सर, पोरगं ऐकंना. उंच गाडी पाह्यजे म्हणतंय, चारचाकी. रस्ता खराब हाय म्हणून. आता तुम्हीच सांगा," असें म्हणून त्यांनीं आम्हांस पंच केलें. चिरंजीव रोज गेवराईस जातात, व सुटीच्या दिवशीं शेतावर खत-बियाणें नेतात. आम्हीं त्या वेळीं जें सांगितलें तें घाईंत सांगितलें. पुष्कळांच्या घरीं हाच प्रश्न उभा असल्यामुळें तें येथें जरा विस्तारानें मांडतों.

रस्ता खराब आहे, हें त्या मुलाचें म्हणणें शंभर टक्के खरें. गेवराई-शेवगांव बाजूचा आपला मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर घातलेली सडक तिच्याबरोबर हलते. त्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला कीं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तिच्यावरून रात्रंदिवस जातात. पाणंदीविषयीं तर बोलावयासच नको. नाचतां येईना तर अंगण वांकडें म्हणतात; येथें अंगण खरोखरच वांकडें आहे. परंतु रस्ता खराब म्हणून गाडी मोठी, हें अनुमान मात्र आम्हांस मान्य नाहीं. खराब रस्त्यास वाहनाची उंची लागते, चाकाचा घेर लागतो व वजनाचा हलकेपणा लागतो. यांपैकीं शेवटच्या दोन गोष्टी मोठ्या गाडींत मिळतातच असें नाहीं, आणि तिसरी तर कधींच मिळत नाहीं.

चाकाचा विचार आपल्या आजोबांनीं आपणांपेक्षां अधिक केला होता. जुन्या बैलगाडीचें चाक आठवा. माणसाच्या छातीस लागे. सुतार कांहीं हौसेनें इतकें लांकूड खर्च करीत नसे. लहान चाक खड्ड्यांत पुरतें उतरतें आणि मग त्यास कांठावर चढावें लागतें. मोठें चाक तोच खड्डा वरचेवर ओलांडून जातें. हा साधा भूमितीचा सिद्धांत आम्ही वर्गांत शिकवितों, परंतु स्वतः वाहन घेतांना विसरलों, याची कबुली येथें देणें प्राप्त आहे. सात वर्षांमागें आम्हीं एक स्कूटर घेतली. बसावयास सोईची, पुढें पिशवी ठेवावयास जागा, पायांस चिखल नाहीं. तिचीं चाकें दहा इंची. पहिल्याच पावसाळ्यांत पाण्यानें भरलेल्या एका खड्ड्यांत पुढील चाक गेलें व आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिकांसह चिखलांत गेलों. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्यें होतें. दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. शहराच्या रस्त्यास योग्य असें वाहन आम्हींच आपण होऊन पाणंदींत आणलें होतें.

आतां साध्या शंभर सी. सी. च्या मोटारसायकली पाहा. हीरोच्या स्प्लेंडरचीं चाकें अठरा इंची, जमिनीपासूनची उंची १६५ मि. मी., वजन ११२ किलोच्या आसपास. बजाजच्या प्लॅटिनाचीं चाकें सतरा इंची, पण उंची २०० मि. मी. ; म्हणजे पुष्कळशा मोटारगाड्यांपेक्षां अधिक. टी. व्ही. एस. ची एक्सएल, जिला आपल्याकडे शेतकरी लाडानें घरची म्हैस म्हणावें तसे वागवितात, ती यांहूनहि हलकी; चाकें सोळा इंची, गिअर मुळींच नाहीं, आणि पुढें पोतें ठेवण्यास मोकळी जागा. दिसावयास तिघीहि साध्या आहेत, आणि चिरंजिवांची खरी अडचण तेथेंच आहे असा आम्हांस संशय आहे.

वाहन विकणारा प्रथम 'ॲव्हरेज' सांगतो. तो आंकडा खोटा नसतो, पण तो कोठला हें विचारावें. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ए. आर. ए. आय. नांवाची संशोधनसंस्था आहे. तिच्यासारख्या प्रयोगशाळेंत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठराविक गतीनें चालवितात व इंधन मोजतात. सर्वांस एकच परीक्षा, म्हणून तुलनेस तो आंकडा उत्तम. परंतु त्या रुळांवर खड्डा नसतो, खडी नसते, आडवी येणारी म्हैस नसते. खराब रस्त्यावर दर शंभर पावलांवर ब्रेक दाबावा लागतो व पुन्हा वेग घ्यावा लागतो; ब्रेक दाबतांच इंधनानें दिलेला वेग उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर जातो, आणि वाहन जितकें जड तितकी ही नासाडी अधिक. शिवाय चांगल्या डांबरी रस्त्यावर चाक लोटावयास वजनाच्या शेंकडा एक-दोन इतका जोर पुरतो, तो सैल मातींत कितीतरी पट वाढतो. म्हणून वजन हाच खराब रस्त्यावरील खरा कर समजावा.

हिशोब करूं. रोज चाळीस किलोमीटर, महिन्यांतून पंचवीस दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. साधी मोटारसायकल आपल्या रस्त्यावर लिटरास साठ देते असें धरलें, तर सतरा लिटरांत महिना निघतो. भारदस्त, रुंद टायरांची तरुणांची मोटारसायकल पंचेचाळीस देईल. तिला बावीस लागतील. उंच डिझेल चारचाकी चौदा देईल. तिला सत्तरांच्या वर लागतील, व हप्ता आणि विमा निराळे. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेलेलें आहे. गुणाकार वाचकांनीं करावा. चार चाकांस जोर देणारी जीप उत्तम वाहन आहे यांत वाद नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ती नांवारूपास आली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनीं ती मुंबईंत आणली. पण एकट्या विद्यार्थ्यानें पुस्तकांची पिशवी घेऊन तिच्यांतून गेवराईस जाणें म्हणजे एका घागरीसाठीं मोट जुंपणें होय.

इंधनाविषयीं एक गोष्ट आपल्या भागास विशेष लागू आहे. २०२५ पासून पेट्रोलमध्यें शेंकडा वीस इथेनॉल मिसळलेलें मिळतें, व त्यांतलें कांहीं आपल्याच शिवारांतल्या उसापासून होतें. ऊसवाल्यांस त्याचा लाभ आहे व आम्ही त्याचें स्वागतच करतों. परंतु इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश शक्ति असते, हेंहि सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या आराखड्यांतच असा अंदाज दिला होता कीं, या मिश्रणासाठीं न घडविलेल्या जुन्या दुचाकींचें ॲव्हरेज शेंकडा तीन ते चार व मोटारींचें सहा ते सात घटेल. तेव्हां स्वस्त मिळते म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यानें ही घट आपल्या हिशोबांत धरावी.

चिखलाची गोष्ट निराळीच. काळी माती ओली झाली कीं चाकास चिकटते, चाक व मडगार्ड यांच्यामध्यें ठासून बसते, आणि शेवटीं चाक फिरेनासें होतें. तेथें शक्तिमान इंजिनाचा उपयोग नाहीं. काडी घेऊन चिखल उकरीत बसावें लागतें. गाडी घेतांना या फटींत हाताचीं बोटें घालून पाहावीं. दुकानांत हंसतील, हंसोत.

दुरुस्तीचाहि विचार व्हावा. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम लागू झाले, आणि जुना कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धति आली. इंधन वांचतें, पण बिघाड झाल्यास पूर्वींसारखें पान्ह्यानें भागत नाहीं. म्हणून गांवांत ज्या जातीच्या गाड्या पुष्कळ, तीच घ्यावी. तिचे सुटे भाग मिळतात, व मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. हवेचा फिल्टर धुळीच्या दिवसांत वेळेवर साफ करणें, टायरांत हवा नेमकी ठेवणें, साखळीस तेल देणें, एवढ्यानें जें इंधन वांचतें त्यास कोणी जाहिरात करीत नाहीं. आपले वडील बाजारास निघण्यापूर्वीं आंसास वंगण देत, तें बैलांची दया येऊन.

नवीं वाहनें येत आहेत. पुण्याच्या कायनेटिकनें १९७२ सालीं आणलेली लूना जुन्या शिक्षकांस आठवत असेल. तीच २०२४ च्या फेब्रुवारींत विजेवर चालणारी होऊन परत आली. जुलै २०२४ मध्यें बजाजनें सी. एन. जी. वर चालणारी मोटारसायकल काढली. दोन्ही स्तुत्य. मात्र वीज ज्या वेळीं असते त्या वेळीं आपण शेतांत असतों, आणि गॅसचा पंप वाटेवर हवा. ज्याच्या घरीं रात्रीं वीज टिकते व ज्याचें रोजचें अंतर थोडें, त्यानें विजेच्या लूनेचा विचार अवश्य करावा.

आणखी एक वाहन आहे, त्याचा उल्लेख त्या सायंकाळीं कोणीच केला नाहीं. १९४८ च्या १ जूनला पुणें व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) यांमध्यें एस. टी. ची पहिली गाडी धांवली. आपला बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, व त्या सरकारनें तर १९३२ सालींच २७ मोटारींनिशीं आपली बससेवा सुरू केली होती. एस. टी. लिटरास चार-पांच किलोमीटरच जाते, पण चाळीस माणसें नेते; माणशीं पाहतां कोणतीहि मोटारसायकल तिच्या जवळपास येत नाहीं. शाळा-कॉलेजांच्या वेळीं ती नेमानें आली तर कापसाचे निम्मे पैसे घरांतच राहतील. उंच गाडीसाठीं बापाशीं तीन दिवस अबोला धरणाऱ्या तरुणांनीं एक दिवस आगारांत अर्ज घेऊन जावें, असें आमचें मत आहे. आम्हांस सोबत नेलें तर आम्ही येऊं.

असो. बापलेकांचा समेट झाला. डिसेंबरांत त्यांनीं साधी मोटारसायकल घेतली, आणि राहिलेल्या पैशांत विहिरीचा पंप दुरुस्त झाला. चिरंजीव पहिले पंधरा दिवस आम्हांस पाहून मान फिरवीत. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ते शाळेच्या फाटकापाशीं थांबले. गाडी चिखलानें ओळखूं येत नव्हती व पुढील मडगार्ड काढून मागें दोरीनें बांधलेलें होतें. "सर, उकरावं लागलं, पण आलो," एवढेंच म्हणाले, आणि टाकी उघडून किती पेट्रोल उरलें तें आम्हांस वांकून पाहावयास लावलें.