फुकट तोडून देतो, साहेब!

सोमवार ते शुक्रवार नाशिकला ऑफिस आणि शनिवारी सावळघाट ओलांडून पेठ, असं आयुष्य जगणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. एप्रिल संपत आला की आम्हाला घरून एक फोन हमखास येतो. ‘पावसाच्या आत त्या झाडाचं काहीतरी बघ रे!’ पेठचा पाऊस एकदा लागला की दिवसेंदिवस थांबत नाही. त्यामुळे कौलांवर वाकलेली आंब्याची फांदी हे खरंच टेन्शनचं काम असतं.

मग झाड बघायला कुणीतरी येतो. आमच्याकडेही एकजण आला होता. त्यानं मान वर करून झाडाकडे बघितलंच नाही. बुंध्याला मिठी मारली, विती मोजल्या आणि निकाल देऊन टाकला, ‘धोक्याचं आहे. फुकट तोडून देतो, साहेब. लाकूड तेवढं आमचं.’

मंडळी, ‘फुकट’ ऐकलं की आपले कान टवकारतात. ‘एकावर एक फ्री’च्या सेलमध्ये ठीक आहे हो, पण इथे नाही. ज्याची कमाई लाकडात आहे, त्याला झाड निरोगी कसं दिसणार? म्हणून माझा पहिला फंडा : झाड तोडायचं की नुसतं छाटायचं, हे लाकूड नेणाऱ्याला कधीच विचारायचं नाही.

मग ठरवायचं कसं? थोडं आपणही बघू शकतो. वर्षानुवर्षं तिरकं उभं असलेलं झाड बहुतेक वेळा तसंच सावरलेलं असतं. अचानक कललेलं झाड मात्र धोक्याचं. मुळाशी जमीन फुगलीय किंवा तडकलीय का, बुंध्याच्या बुडाशी अळंबी उगवलीय का, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात चीर गेलीय का, ते पाहा. यातलं काही दिसलं तर लगेच जाणकार माणूस बोलवा. यातलं काहीच नसेल, तर बऱ्याचदा एक-दोन फांद्यांवर काम भागतं.

दुसरा फंडा कायद्याचा. ‘माझी जमीन, माझं झाड’ एवढ्यावर इथे भागत नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४चा कायदा आहे आणि त्याच्या यादीतली झाडं खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आंबा, जांभूळ, फणस, चिंच, मोह, साग, खैर, ऐन, हिरडा... म्हणजे पेठच्या अंगणात आणि बांधावर जे जे उभं असतं, ते बहुतेक सगळं! त्यातून पेठ हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्र. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९चा वेगळा कायदा आहे. कुण्या व्यापाऱ्यानं चार नोटा हातावर टेकवून सागवान उचलून नेऊ नये, यासाठीच तो केला गेला. म्हणून पेठ गावात असाल तर आधी नगरपंचायतीत चौकशी करा, खेड्यात असाल तर वन विभाग नाहीतर तहसील कार्यालयात.

आणि नाशिकच्या बंगलेवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. महापालिकेच्या हद्दीत फांदी छाटायची झाली तरी उद्यान विभागाची परवानगी लागते. शहरांसाठीच्या १९७५च्या कायद्यात २०२१ला बदल झाला. तेव्हापासून पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात साठ रोपं. करा हिशेब!

परवानगीचं झालं, आता छाटणी. ‘शेंडाच उडवून टाकू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. शेंडा उडवला की त्या जागी कमकुवत फुटव्यांचं रान माजतं आणि पुढे वाऱ्यात तेच आधी मोडतात. चांगला कारागीर जड फांदी एका घावात पाडत नाही. आधी खालून थोडी खाच, मग थोडं पुढे वरून काप आणि शेवटी उरलेला खुंट साफ. म्हणजे बुंध्याची साल सोलून निघत नाही. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर. तो कडा शाबूत राहिला की जखम झाड स्वतःच भरून काढतं. वर डांबर किंवा ऑइलपेंट फासायची गरज नाही.

असा कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही. पेठच्या पाड्यांवर लहानपणापासून आंब्या-मोहांवर चढलेली माणसं आहेत. कुठली फांदी भार घेईल आणि कुठली दगा देईल, हे ती पायानं ओळखतात. पण आपण नेमकं त्यांच्याच मजुरीत घासाघीस करतो. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नला भाव विचारत नाही आणि तीस फुटांवर लटकलेल्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो!

म्हणून शेवटचा फंडा. दोर चांगला आहे ना, ते आपण स्वतः बघायचं. फांदी तारेजवळ असेल तर महावितरणला कळवायचं आणि लाइन बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कुणाला वर चढू द्यायचं नाही. पाऊस-वारा असेल तर काम उद्यावर. चढणाऱ्याचं बँकेत खातं असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचा विमा मिळतो. ते वीस रुपये आपण दिले तर आपल्या ईएमआयला काही धक्का लागत नाही. आणि त्याच्या घरीही संध्याकाळी कुणीतरी वाट बघत असतं.

मजुरी रोख द्या, पूर्ण द्या आणि लाकूड स्वतःकडे ठेवा. चुलीला होईल, मांडवाला होईल. मुख्य म्हणजे, तुमच्या झाडाच्या मरणात मग कुणाचाच फायदा उरणार नाही.